नदीचं दार

"पण बाबा, उजवीकडची फुली डावीकडे गेली, तर माणसानं करायचं काय?"

"कसली फुली?"

"खिडकी बंद करायची."

सोनबाबांनी मठाच्या खिडकीकडे पाहिलं. तिला फुली नव्हती आणि कडीही नव्हती. एक तार होती, ती गेल्या वर्षीच तुटली होती.

"ही खिडकी नव्हे हो," मालिनीबाई म्हणाल्या. "लॅपटॉपमधली. लिहून झालं की कोपऱ्यातली फुली दाबायची, म्हणजे लिहिलेलं पान बंद होतं. जुन्या कॉम्प्युटरवर ती उजव्या कोपऱ्यात होती. या नव्यात डाव्या कोपऱ्यात आहे. वीस वर्षं माझा हात उजवीकडे जातोय."

"बंद करायची येवढी घाई हाय व्हय?"

 बाबांच्या कुठल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं आणि कुठला नुसता लिहून घ्यायचा, हे मालिनीबाईंना अकरा वर्षांत कळलं होतं. हा प्रश्न लिहून घ्यायचा होता. पण लिहिणार कशानं?

बाबा पुन्हा शेंगा सोलायला लागले.

…

नव्या पाणदऱ्याचे हे सोनबाबा तसे मोठे महाराज वगैरे नव्हेत. ऐंशी ओलांडलेली, अंगावर सदरा, डोक्याला पंचा. दुपारी मठाच्या ओट्यावर बसायचे. कुणी काही विचारलं तर बोलायचे, नाही विचारलं तर हातातलं काम करायचे. विचारणारे थोडे आणि कामं पुष्कळ, त्यामुळे बाबांच्या शेंगा नेहमी सोललेल्या असत.

बाबा जे थोडंफार बोलत, ते सगळं मालिनीबाई शेंडे लिहून घेत.

मालिनीबाई म्हणजे साधी असामी नव्हे. जिल्ह्याच्या कोर्टात तेहतीस वर्षं स्टेनो. न्यायाधीशांचं वाक्य संपायच्या आत यांच्या कागदावर पूर्णविराम पडलेला असायचा. मराठी टायपिंगच्या परीक्षेत त्या जिल्ह्यात पहिल्या आल्या होत्या, आणि ही गोष्ट त्या कुणाला सांगायला जात नसत, फक्त कुणी विचारण्याची वाट पाहत.

यजमान गेले तेव्हा त्या चार दिवस मन रमवायला म्हणून मठात आल्या. चार दिवसांची अकरा वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. फुकटचं अन्न गळ्याखाली उतरेना, म्हणून त्यांनी आपला कॉम्प्युटर घरून आणला, ओट्याच्या कोपऱ्यात मांडला आणि दुसऱ्या दिवसापासून बाबांचा शब्दन् शब्द टिपायला सुरुवात केली. बाबांनी "लिही" म्हटलं नव्हतं. "लिहू नको" असंही म्हटलं नव्हतं.

त्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डचा आवाज मोठा. बाईंची बोटं पडायला लागली की ओट्यावर खडखडाट सुरू व्हायचा. बाबांपुढे बसलेला माणूस एकदा बाईंकडे बघायचा, एकदा स्वतःच्या पायाकडे बघायचा आणि प्रश्न आवरता घ्यायचा. बाईंना वाटे, लोकांना शिस्त लागली.

आणि मग या माघात, भर दुपारी, एका वाक्याच्या मध्येच तो कॉम्प्युटर बसला. आतून थोडा धूर आला, करपल्याचा वास आला आणि पडदा काळा झाला. बाबा वाक्य संपवून मोकळे झाले. बाईंचं ते वाक्य अजून अर्धंच आहे.

…

पुण्याहून भाचा आला, मिहीर. येताना नवाकोरा लॅपटॉप घेऊन आला. पातळ, करडा, आवाज म्हणून नाही.

"मावशी, हा वेगळ्या कंपनीचा आहे. आतलं सगळंच वेगळं आहे. पण आठ दिवसांत सवय होईल."

तासाभरात त्याने सगळं लावून दिलं. जुन्याची डिस्क काढून त्यातलं लिखाण नव्यात उतरवलं, अक्षर न अक्षर सुखरूप. शेवटी म्हणाला, "आता इथं बोट ठेव. तुझ्या बोटाचा ठसा ओळखला की हा उघडेल."

बाईंनी उजवी तर्जनी ठेवली. ओळखेना. पुसून ठेवली. ओळखेना. दुसरं बोट, तिसरं बोट… बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झालेली की ठसा म्हणून उरलाच नव्हता. अखेर डाव्या करंगळीचा ठसा लागला. टायपिंगमध्ये डावी करंगळी सगळ्यांत कमी खपते.

मिहीर हसला. बाई हसल्या नाहीत.

खरी फजिती पुढेच होती. बाईंचे हात अक्षरांची जी टाइपरायटरची मांडणी जाणत होते, ती या लॅपटॉपवर नव्हती. मिहीरने सोपी युक्ती सांगितली, "मावशी, जसं ऐकू येतं तसं इंग्रजी अक्षरांनी लिही. के दाबलास की क उमटेल."

ज्या बाईने तेहतीस वर्षं निकालपत्रं टाइप केली, तिने आता के दाबून क काढायचा! बाईंनी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. तालुक्याच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "जुनी मांडणी यात टाकून बघतो बाई, येतो दोन दिवसांत."

बाईंनी दोन दिवस वाट पाहिली नाही. प्रसादाच्या पाकिटांचा जाड कागद बारीक कापला, एकेका तुकड्यावर आपल्या ओळखीचं अक्षर लिहिलं आणि खळ लावून एकेका बटणावर चिकटवलं. सत्तेचाळीस चिठ्ठ्या. वरची अक्षरं लावून झाली, आतली दुकानदार लावेल.

दुकानदार आला, दोन तास खटपट केली. निम्मी अक्षरं बसली, जोडाक्षरं फुटली, मात्रा भलत्यावरच जाऊन बसल्या. शेवटी त्याने हात टेकले आणि होतं तसं करून ठेवलं.

चिठ्ठ्या मात्र राहिल्या. म्हणजे आता वर लिहिलेलं एक आणि दाबल्यावर उमटणार दुसरंच.

कुणीही शहाण्या माणसाने त्या काढून टाकल्या असत्या. बाईंनी नाही काढल्या. त्यांनी उलट उरलेलंही जुन्यासारखं करायला घेतलं. पडद्यावर जुनाच मठाचा फोटो लावला. फायली मोजून त्याच जागी मांडल्या. लॅपटॉप त्याच टेबलावर ठेवला, जुन्या कॉम्प्युटरचं भरतकामाचं आच्छादन कापून त्याच्या मापाचं केलं.

असे आठ दिवस गेले. रोज बाबा विचारत, "झालं?"

"मांडणी चाललीय, बाबा."

लिहून मात्र एक ओळ झाली नव्हती.

…

आणि आज, नवव्या दिवशी, त्या फुलीचं निमित्त झालं.

बाबा शेंगा सोलत राहिले, तशा बाई थोड्या वेळाने म्हणाल्या, "बाबा, मी पुण्याला जाते म्हणते."

"किती दिवस?"

"कायमची. मिहीर बोलावतोच आहे."

बाबांचा हात थांबला नाही.

"इथं माझं लिहिण्याचं तेवढं काम होतं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कोर्टातल्यासारखा कोरडा होता. "ते आता होत नाही. क लिहायला गेले तर भलतंच येतं. पाचवीतली मुलगी माझ्यापेक्षा लवकर लिहील. हातच चालत नाहीत तर या मठात माझी जागा कुठली? तुमच्यावर ओझं होऊन राहायचं नाही मला."

हे त्यांनी आठ दिवस मनात घोळवलं होतं. बोलून टाकलं आणि एकदम रिकामं वाटलं. बाबा आता "राहा" म्हणतील, असं कुठेतरी वाटत होतं. ते म्हणाले असते तर त्या रडल्या असत्या, आणि राहिल्याही असत्या.

बाबा उठले. सदऱ्यावरची टरफलं झटकली.

"चल."

"कुठं?"

"नदीच्या दाराला. त्ये बी घे संगं."

"लॅपटॉप?"

"त्येच."

…

मठाच्या मागच्या भिंतीला एक दार आहे. सगळे त्याला नदीचं दार म्हणतात. दाराच्या पलीकडे तीन दगडी पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या खाली माळ. कोसभरात नदी नाही. मठाच्या आवारात बोअर आहे, त्यावर हापसा आहे, आणि मागच्या वाडीच्या बायका त्या दाराने पाणी न्यायला येतात. बायका पाणी नेतात म्हणून ते नदीचं दार, असा बाईंचा अकरा वर्षांचा समज होता. विचारायची कधी गरज वाटली नव्हती.

बाबा उंबऱ्यावर बसले. पायरीकडे बोट दाखवलं.

बाई पायरीवर बसल्या. मांडीवर लॅपटॉप.

"लिही."

"बाबा, येत नाही म्हटलं ना."

"येत न्हाई तसं लिही."

बाईंना राग आला. त्यांनी करंगळी टेकवली, लॅपटॉप उघडला. क ची चिठ्ठी दाबली, पडद्यावर भलतंच अक्षर उमटलं. पुसलं. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी नखाने ती चिठ्ठीच खरवडून काढली. खाली इंग्रजी के होता.

मिहीरने शिकवलेलं बटण आठवून त्यांनी त्याची, ऐकू येईल तशी लिहायची मांडणी सुरू केली आणि एका बोटाने के दाबला.

क उमटला.

एवढ्याशा गोष्टीनं त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचाही राग आला.

"हं," बाबा म्हणाले. "लिही. जुनं पानदरं नदीवर व्हतं."

बाईंनी जे शोधला. त्याच्यावर दुसरीच चिठ्ठी होती. ती काढली. मग यू, मग एन… एकेक चिठ्ठी निघत गेली, पायरीवर पडत गेली. "जुनं पाणदरं नदीवर होतं" एवढं लिहून होईपर्यंत बाबांची तंबाखू मळून झाली.

बाबा थांबले होते. असं आजवर कधी झालं नव्हतं. आजवर बाबा बोलत आणि बाई त्यांच्या पुढे धावत. आज बाबा वाट बघत होते.

"झालं?"

"झालं."

"धरन झालं, आन गाव पान्याखाली गेलं. मठ बी गेला. तवा म्या तिशीचा. थोरलं बाबा व्हतं गादीवर."

थोरले बाबा म्हणजे सोनबाबांचे गुरू. बाईंनी त्यांचा फोटो पाहिला होता, डोळे मिटलेले. त्या लिहीत राहिल्या.

"गाव उठायच्या आदी म्या सुंभाचा कासरा घेतला आन समदा मठ मोजला. खांबाला येक गाठ, दाराला येक गाठ, ओट्याला येक गाठ. सव्वीस गाठी. म्हनलं, नवा मठ असाच झाला पायजे. येक बोट हिकडं न्हाई, येक बोट तिकडं न्हाई."

बाईंचं बोट थांबलं.

"लिहितीस न्हवं?"

"…लिहितेय."

"हितं माळावर आलो. कासरा पसरला आन गाठीबरहुकूम मठ बांदला. खांब तितं खांब. ओटा तितं ओटा. मागल्या भितीला नदीचं दार व्हतं, तर हितं बी दार. त्येच्या खाली पायऱ्या व्हत्या, तर हितं बी पायऱ्या."

"पण नदी नव्हती ना इथं."

"व्हय की."

"मग दार कशाला केलंत?"

"सर्वे करनारं म्हनलं हुतं, ह्या अंगाला कालवा येनार हाय. म्हनलं, आदी दार करून ठिवू. पानी मागनं यील." बाबांनी तंबाखू ओठात धरली. "वरचं आदी केलं, आतलं नंतर हुईल म्हनलं."

बाईंनी पायरीवरच्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं. पाहिलं, आणि मान खाली घालून लिहीत राहिल्या.  आजवर एवढ्या लोकांच्या गोष्टी त्यांनी बाबांच्या तोंडून टिपल्या होत्या, पण एकही गोष्ट अशी अंगावर आली नव्हती. लवकर लिहून होई तेव्हा गोष्ट बोटांतून परस्पर निघून जात असे.

"थोरले बाबा काही बोलले नाहीत तुम्हाला?"

"बोलायचं न्हाईत त्ये. बगायचं."

"मग?"

"जुन्या मठात आमची येक रीत व्हती. सांच्याला आरती झाली की तबकातला दिवा नदीच्या दारानं खाली न्यायचा आन शेवटच्या पायरीवर, पान्याच्या कडंला ठिवायचा. पिढ्यान् पिढ्या. नव्या मठात पैली आरती झाली. समदं गाव जमलेलं. दिवा माज्या हातात. म्या मोठ्या झोकात आलो आन ह्ये दार उघाडलं…"



बाई लिहून पूर्ण करेपर्यंत बाबा थांबले.

"…फुडं माळ. काटं. येक शेरडू चरत व्हतं. दिवा घिऊन उबा ऱ्हायलो. मागं बायका रडाय लागल्या. नदी आटवली त्यास्नी. कुनी पोरगं हसलं. मला बाय, धरनी दुभंगावी असं झालं. समद्या मठात म्या मोजून मोजून येकच गोष्ट आनली न्हवती, आन त्येच्याचसाटी दार केलं हुतं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? लाज वाटली. दार लावाय गेलो. थोरलं बाबा मागं उबं हुतं. त्येनी दाराच्या फळीवर हात ठिवला…"

"काय म्हणाले?"

बाबांनी तोंड उघडलं. तेवढ्यात खालून आवाज आला.

"वाईच सरका की वो. दारातच बसला, तर जायचं कुटनं?"

…

मागच्या वाडीची हौसाबाई होती. काखेत कळशी, डोक्यावर रिकामा हंडा. बाई सरकल्या. हौसाबाई दोन पायऱ्या चढली, आणि तिसरीवर थांबली. पडलेल्या चिठ्ठ्यांकडे बघितलं, बाईंच्या मांडीवरच्या लॅपटॉपकडे बघितलं.

"त्ये खडखड वाजायचं त्ये कुटं गेलं, बाई?"

"बिघडलं."

"बरं झालं."

मालिनीबाईंना कुणी तोंडावर मारल्यासारखं झालं. "बरं झालं?"

हौसाबाईनं जीभ चावली. "तसं न्हवं वो… रागावू नगा. वीस वर्सं ह्या दारानं पानी नेतीया. लई डाव वाटायचं, बाबास्नी येक इचारावं. वट्यापत्तुर जायची. पर तुमी टापटीप बसलेल्या, त्ये वाजाय लागायचं… साक्ष द्याया उबं ऱ्हायल्यागत वाटायचं बगा. मग हंडा भरायची आन जायची."

 ओट्यावर येऊन, आधी बाईंकडे आणि मग स्वतःच्या पायाकडे बघणारी माणसं एकेक करून बाईंच्या डोळ्यांपुढून गेली. ती शिस्त नव्हती तर.

आपण अकरा वर्षं ओट्यावर कोर्ट भरवलं होतं, हे त्यांना त्या पायरीवर, माघाच्या उतरत्या उन्हात कळलं. आतापर्यंत मठात आपलं काय काम, ही चिंता होती. आता वाटलं, आपण होतो म्हणून किती जण विचारायचे राहिले?

बाबा हौसाबाईला म्हणाले, "मग आता इचार की."

"आता?" तिनं बाईंकडे बघितलं. "लिवनार हायसा?"

"लिहीन," बाई म्हणाल्या. मग आयुष्यात पहिल्यांदा म्हणाल्या, "पण जरा सावकाश सांग हं. मी शिकतेय अजून."

हौसाबाईनं हंडा उतरवला. कळशी खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं आणि बाईंच्या शेजारी पायरीवर टेकली.

"काय मोटं न्हाई… आमचं धनी गेलं त्याला तीन वर्सं झाली. सकाळचा च्या करती म्या. दोन कप वतती."

ती थांबली. बाईंचं बोट 'दोन कप' शोधत होतं.

"वतल्यावर ध्यानात येतंय. रोज. तीन वर्सं झाली, येक दिवस चुकत न्हाई. सून म्हनती, डोस्क्यावर परिनाम झालाय तुमच्या. म्हनून इचारती बाबा… ह्ये बरं न्हवं का?"



बाईंनी वाट पाहिली. बाबा बोलतील आणि आपण लिहू. बाबा तंबाखू चघळत माळाकडे बघत होते. शेरडं घरी निघाली होती.

आणि मालिनीबाईंनाच आपला आवाज ऐकू आला.

"मी अजून दाराला आतून कडी घालत नाही."

हौसाबाईनं मान वळवली.

"हे फिरतीवर असायचे," बाई म्हणाल्या. "कधी यायचे नेम नसायचा. मी कडी न घालता पडायची, दार नुसतं लोटून. अजून तसंच लोटते. अकरा वर्षं झाली. आणि इथं तर त्यांना माहीतही नाही मी कुठल्या खोलीत राहते ते…"

 हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, बाबांनाही नाही. अकरा वर्षं दुसऱ्यांचे प्रश्न लिहिता लिहिता स्वतःचा एकही विचारला नव्हता.

हौसाबाईनं आपला खरखरीत हात बाईंच्या हातावर ठेवला.  लॅपटॉपचा पडदा मध्येच मंद झाला, तशी बाईंनी बोट लावून तो जागा केला.

"तो दुसरा कप," बाईंनी विचारलं, "त्याचं काय करतेस?"

"गार करून पिते, काय करनार. टाकवत न्हाई." हौसाबाई नाक पुसत हसली. "वततीच हाय, तर उद्यापास्नं हिकडं आनू का? पान्याला तर येतीच. प्याल न्हवं तुमी?"

बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही, कारण एका हाताने लॅपटॉप धरला होता आणि दुसरा हौसाबाईच्या हाताखाली होता.

"बिनसाखरेचा लागतो मला," त्या म्हणाल्या.

"आमच्या धन्यास्नी बी बिनसाखरंचाच लागायचा," हौसाबाई म्हणाली.

ती उठली. हापशावर गेली. हापसा करकरला, हंडा भरला, कळशी भरली. जाताना बाबांच्या पाया पडली, बाईंकडे बघून मान हलवली आणि तीन पायऱ्या उतरून माळाला लागली. ओल्या पावलांचे ठसे पायऱ्यांवर राहिले. त्या ठशांत दोनचार चिठ्ठ्या भिजल्या.

…



माळावरून हौसाबाईची आकृती वाडीकडे लहान होत गेली. तिच्या मागून आणखी दोन बायका हंडे घेऊन मठाकडे निघालेल्या दिसत होत्या. बाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. एक सावकाश चालत होती. तिच्याही मनात काही असेल, असं त्यांना वाटलं.

मग त्यांची नजर पडद्यावर गेली. सगळं मिळून अर्धं पानही नव्हतं. 'कासरा'चा 'कसरा' झाला होता. 'दोन कप' पाशी वाक्य तुटलं होतं. कोर्टात असला कागद त्यांनी टराटरा फाडून टाकला असता.

त्या दोन बायका जवळ यायला लागल्या. त्यांनी हे बघितलं तर?

बाईंचा हात सवयीने उजव्या कोपऱ्याकडे गेला. तिथं फुली नव्हती. हात थबकला, डावीकडे निघाला, वाटेतच थांबला. ओशाळून त्यांनी लॅपटॉपचं झाकणच धरलं आणि खाली आणायला लागल्या.

"आज एवढंच झालं, बाबा. तेही चुकांनी भरलेलं," त्या म्हणाल्या. "आणि थोरले बाबा काय म्हणाले, ते राहूनच गेलं."

बाबांनी हात पुढे केला आणि खाली येणाऱ्या झाकणाच्या मध्ये ठेवला.

"उघाडलंयस न्हवं… आता लावू नगंस."